मामांची गंमत

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमचा गुडघा आता बरा असेल. मामीचा खोकला थांबला का? मी ठीक आहे. परवा फोन तुम्ही मधेच कापलात, म्हणून लिहिते आहे.

माझं काम काय, असं तुम्ही मागे विचारलंत तेव्हा 'वर्तमानपत्रात आहे' म्हणून मी वेळ मारून नेली. आमच्या वेबसाइटवर बातम्यांखाली लोक जे लिहितात ते मी वाचते आणि घाण असेल ते काढते. घाणच जास्त. खुर्ची छान, एसी आहे, आणि दिवसभर आयाबहिणींवरून शिव्या. हळूहळू कातडी निबर होते. माझी झाली होती.

गेल्या आठवड्यात आमच्या बातमीदार बाईने सरकारी इस्पितळाची बातमी दिली. बाळंतिणींना तिथे जमिनीवर झोपवतात. तिला स्वतःला आठवा महिना आहे. सोबत तिचा फोटो होता, पोट दिसत होतं. झालं, लोक तुटून पडले. एकाने लिहिलं, 'हिच्या पोटात लाथ घाला, अक्कल येईल.' दुसऱ्याने खाली तिच्या घराचा पत्ता टाकला. त्यावर पहिला म्हणतो, 'शाब्बास! आता कुणीतरी जाऊन या.'

मी काढेपर्यंत ते शेकडोंनी वाचलं होतं. संध्याकाळी दोघे जण जाऊनही आले. दारावर लाथा घालत होते आणि ती न्हाणीघरात कडी लावून बसली होती. एकटी.

संपादकांनी मला लिहिणाऱ्यांची माहिती काढायला सांगितली. पहिल्याचं टोपणनाव 'सत्यवक्ता'. त्याचा ईमेल बघितला. तो मीच उघडून दिला होता, तुमच्या स्वयंपाकघरात बसून.

वाटलं, कुणीतरी चोरला असेल. म्हणून फोन केला. तुम्ही हसलात. "अगं, तिथे सगळेच लिहितात. गंमत असते ती. मला काय माहीत, ती तुझ्या ओळखीची आहे!"

ओळखीची नसती तर चाललं असतं, मामा?

आणि वर म्हणालात, "तुमच्याकडे जी नोंद राहते तीही पुसून टाक. घरच्या अब्रूचा प्रश्न आहे." तिचं घर घर नव्हतं? इतकी वर्षं परक्यांची गटारं उपसली, कधी एवढी चीड आली नाही. बाबा गेल्यावर मला खांद्यावर घेऊन फिरलेला माणूस पोटातल्या पोराला लाथ घालायला सांगतो आणि त्याला गंमत म्हणतो!

मी पुसलं नाही. कागदावर छापून तिच्या हातात दिलं. म्हटलं, "हे माझे मामा आहेत."

तिने कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "पोलिसांत सांगशील?"

काल सांगितलं. तुमचं खरं नाव, पत्ता, सगळं. खाली सही केली.

ते एकदोन दिवसांत येतील. त्याआधी मामीला तुमच्या तोंडाने सांगा. दार वाजल्यावर तिला कळू नये. काय लिहिलंत ते शब्दन् शब्द सांगा, गुळमुळीत नको. वकील बघा. मला फोन करू नका.

मामीला नमस्कार.

तुमच्या बहिणीची मुलगी