दादाचा न उघडणारा अहवाल

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
कारखाने सुरक्षा कार्यालय

विषय : बॉयलर अपघाताचा चौकशी अहवाल कागदावर मिळणेबाबत.
संदर्भ : 'अहवाल संगणकावर वाचून तीस दिवसांत हरकत नोंदवावी' हे आपले पत्र.

महोदय,

माझा थोरला भाऊ बॉयलरवर कामाला होता. बॉयलर फुटून तो गेला, त्याला पाच महिने झाले. चूक त्याचीच, असे अहवालात लिहिल्याचे कानावर आहे. हरकतीची मुदत येत्या शुक्रवारी संपते आणि अहवाल माझ्या दृष्टीस पडलेला नाही.

१. आपला अहवाल ज्या दस्तऐवज-दर्शकात उघडतो, त्याला 'जावा' नावाची संगणक-प्रणाली लागते. शेजारच्या टायपिस्टबाईंना बसवून ती टाकून घेतली. दर्शक म्हणाला, ही फार नवी आहे. ती काढून जुनी टाकली. आता संगणक म्हणाला, ही फार जुनी, धोक्याची आहे. धोका मान्य, अशी खूण केली. मग कळले की दर्शकाच्या प्रमाणपत्राची मुदत गेल्या वर्षीच संपली आहे. प्रमाणपत्र आपल्याच कार्यालयाचे.

२. आपला मदतीचा फोन सकाळी आठ ते नऊ. माझे नऊपर्यंत मौन असते. एकोणीस वर्षांत मोडले नव्हते, ते मोडले. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, सोप्पं आहे. संगणकाची तारीख दोन वर्षं मागे घ्या, सगळे तेच करतात." घेतली. दर्शक चटकन उघडला. आत एकच ओळ : 'या तारखेस असा अहवाल अस्तित्वात नाही.'

खरेच होते. त्या तारखेला दादा जिवंत होता. टायपिस्टबाई उठून गेल्या तरी मला ती तारीख बदलवेना.

३. आवक खिडकीवरील कारकून म्हणाले, "'अहवाल वाचला' म्हणून सही ठोका बाई, हरकत घेतो. कोण बघतंय?" महोदय, कोण बघतो ते मला रोज हात जोडताना ठाऊक असते. न वाचता 'वाचला' असे लिहिणार नाही. वाचून दादाचीच चूक निघाली, तर तीही सोसेन.

तरी आपल्या पत्रात अहवालाची म्हणून सांगितलेली तेरा पाने छापून शुक्रवारपूर्वी घरी पाठवावीत. पत्ता आपल्याकडे आहे. दादा गेल्याचे पत्र आपण त्यावर साध्या टपालाने पाठवले होते. ते पाकीट नखाने उघडले होते.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
मृत बॉयलर-चालकाची धाकटी बहीण
सोमवार, दि. ११

सोबत : संगणकाने दिलेल्या चार नकारांची छायाचित्रे.