खिडकीचा निळा

नाना, तुमचा ट्रॅक्टर मी गेल्या महिन्यात भिंगारला आमच्या घरी आणला. कोल्हारच्या शेडचे पत्रे वाऱ्याने उडाले होते, सीटच्या फोममध्ये उंदरांनी घर केलं होतं आणि भंगारवाला दोनदा येऊन, वाकून बघून गेला होता. तेव्हा तुमचे जावई म्हणाले, भंगारात कशाला घालायचा, आपण नीट करू. निवृत्त झाल्यापासून त्यांना रिकामं बसवत नाही. इंजिन जाम झालेलं नाही हे त्यांनी पुली हाताने फिरवून पाहिलं आणि अख्खा दिवस खुशीत होते. त्यांना या ट्रॅक्टरची गोष्ट तेव्हा माहीत होती ती गावाला माहीत आहे तेवढीच. मी काही बोलले नाही. न बोलण्याची मला चांगली सवय आहे आणि ती कुणी लावली हे तुम्हाला सांगायला नको.

रंगाचं काम इथल्याच एका पेंटरला दिलं. माणूस साधारण माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, कामाला चोख. त्याने बॉनेटची एक बाजू पाणी मारून, पॉलिश पेपरने घासायला घेतली आणि मला हाक मारली. ''बाई, हा वरचा रंग कुनी दिला हो? हा गाडीचा रंगच न्हाई. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट हाय. स्प्रे बी न्हाई, ब्रशनं दिलाय. हे बगा, ब्रशचे केस अडकलेत.'' त्याने निळ्या रंगाची एक खपली नखाने उचलून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यात खरंच एक आखूड केस होता. मी ती रुमालात बांधून घेतली. घासलेल्या बाजूला खालून लाल निघाला होता, ओला वाटावा इतका ताजा. जावई टाळी वाजवून म्हणाले, ''हा बघ मूळ रंग! आता काम मूळ रंगातच.'' पेंटरने शेड कार्ड काढलं, त्यात पाच तऱ्हेचे लाल होते. मी नळावर जाऊन पाणी प्यायले आणि उगाच दोनदा तोंड धुतलं.

तुम्ही मला ट्रॅक्टर शिकवलात तो उसापलीकडच्या वावरात, जिथून घर दिसत नाही. आईला कळलं असतं तर तिने आपल्या दोघांनाही उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. तुम्ही मडगार्डवर बसायचात आणि मी स्टिअरिंग घट्ट धरून, जीभ दाताखाली चावून नांगराचं सरळ तास काढायचा प्रयत्न करायची. पहिल्याच दिवशी तुम्ही ब्रेकची दोन पेडलं दाखवलीत. एक डाव्या चाकाचं, एक उजव्या चाकाचं आणि दोघांना जोडणारी एक लोखंडी कडी. वावरात बांधाशी आखूड वळायचं असेल तर कडी काढायची, म्हणजे एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्याला लागायच्या आधी कडी घालायची, म्हणजे दोन्ही चाकं बरोबर थांबतात. ''काढनाऱ्यानंच घालायची,'' तुम्ही म्हणायचात, ''दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची न्हाई.'' एकदा मी विसरले तर तुम्ही मला खाली उतरवलंत आणि आठ दिवस ट्रॅक्टरला हात लावू दिला नाहीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. रस्त्यावर तर मला कुणी चालवू देणारच नव्हतं, मग त्या कडीचं एवढं कौतुक कशाला, असं मनात आलं होतं.

मामा दिवाळीसाठी आईला माहेरी न्यायला आला होता. तिचा एकुलता एक धाकटा भाऊ. तुम्ही बाजाराला गेला होतात आणि मी मामाला लाडीगोडी लावून वावरात घेऊन गेले. मी वीस वर्षांची. मी ट्रॅक्टरने कुळवाची पाळी घालतेय आणि तो बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतोय, मधूनमधून ओरडतोय, ''आता नवरा बी ट्रॅक्टरवालाच बगावा लागंल!'' मी सगळी वळणं एका पेडलावर मारली, त्याला दाखवायला म्हणून जास्तच ऐटीत. काम झाल्यावर तो म्हणाला, ''उतर खाली. गावात ट्रॅक्टरवर दिसलीस तर ताई मलाच धुईल.'' त्याच्या घरी बैल होते, ट्रॅक्टर त्याने आपल्याकडे आला की तेवढ्यापुरता चालवलेला. मी उडी मारून उतरले, तो बसला. मी ओढणीत शेंगा बांधून मागून चालत होते. पाटाच्या रस्त्याला उतारावर समोरून एक सायकलवाला आला. मामाने ब्रेक दाबला. एकच चाक थांबलं, ट्रॅक्टर गर्रकन पाटाकडे वळला आणि उलटला. पाटाला पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं.

तुम्ही आलात तेव्हा लोक जमले होते. ट्रॅक्टरची चाकं वर झालेली आणि कडी एका पेडलाला नुसती लोंबत होती. तुम्ही ती पाहिलीत. मग माझ्याकडे पाहिलंत, फार वेळ नाही. आणि सगळ्यांच्या देखत, आई तिथे चिखलात बसलेली असताना, म्हणालात, ''कडी मीच काढली हुती सकाळी. घालायची ऱ्हायली.'' नंतर गोठ्यात मला बाजूला घेतलंत. ''तू तोंड उघडायचं न्हाई. तिचा भाऊ गेला, आता लेक बी जायला नको. आनि मामाला मारनारी पोरगी म्हनून तुला कोन दारात उभं करील?'' मी मान हलवली. नाना, मला तेव्हा बरं वाटलं होतं. मामाला अजून घरी आणायचं होतं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तेराव्यानंतर ट्रॅक्टर अंगणात आणून उभा केला, दाराच्या अगदी समोर. लाल. मी पुढच्या दाराने बाहेर पडायची बंद झाले. मागून, शेणकुटाच्या ढिगावरून जायची. जेवताना दारातून तो दिसायचा आणि मी ताट बाजूला सारायची. तुम्ही कुणाला काही विचारलं नाहीत. एका सकाळी माळ्यावरून खिडक्यांच्या रंगाचा उरलेला डबा काढलात, ब्रश रॉकेलमध्ये भिजवलात आणि दिवस मावळेपर्यंत एकट्याने ट्रॅक्टर निळा केलात. आई दुपारी उंबऱ्यावर आली. ''रंग बदलून पाप झाकताय व्हय?'' तुमचा हात थांबला नाही. ती तुमच्याशी थेट बोललेली शेवटची गोष्ट. त्यानंतर अठरा वर्षं तिने तुम्हाला वेळेवर गरम भाकरी दिली, तुमचे कपडे धुतले, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पण शब्द दिला नाही. ''तुझ्या बापाला सांग, वाढलंय.'' आणि तुम्ही तिच्यापासून दोन हातांवर बसलेले असायचात. तुम्ही मात्र तिलाच उत्तर द्यायचात, ''आलो गं.'' माझं लग्न झाल्यावर ती भिंतीला सांगायची. भाऊबीजेला ती अंगणात चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी, आणि त्या वेळेला तुम्ही काहीतरी काम काढून घराबाहेर पडायचात. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, ती अजून ओवाळते.

नगरच्या दवाखान्यात तुमचे शेवटचे दिवस चालले होते तेव्हाही तसंच. ती चमच्याने तुमचे ओठ ओले करायची आणि मला म्हणायची, ''इचार त्यांना, पानी पायजे का?'' तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, ''पायजे गं.'' मी पायाशी थर्मास धरून बसले होते. आता सांगावं, असं रोज वाटायचं. मग वाटायचं, तुम्हीच गप्प राहायला सांगितलंय, तुमचा शब्द कसा मोडू? तुमच्या आज्ञेत राहणारी अशी लेक मी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नव्हते.

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही आईला पेंटरकडे घेऊन गेलो. ती आता माझ्याकडेच असते. रंग तिच्या पसंतीने द्यायचा, असं जावयांच्या मनात. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिने शेड कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं. समोर ट्रॅक्टर, बॉनेटची एक बाजू लाल, एक निळी. ''लालच द्या,'' ती म्हणाली. ''माझ्या भावानं चालवला तवा लाल हुता. त्यो निळा त्यांनी त्यांच्या पापासाठी दिला हुता. जाऊ द्या त्यो आता.'' पेंटरने मान डोलावली, नवा पॉलिश पेपर घेतला, बादलीत बुडवला आणि निळ्या बाजूला लावला. मी म्हणाले, ''थांबा.''

आणि मग सांगितलं. कडी मी काढली होती. ट्रॅक्टर मी चालवत होते, मामा बांधावर बसला होता. नाना सकाळपासून वावरात आलेच नव्हते. वर्गात हजेरी घ्यावी तसा माझा आवाज निघत होता. पेंटर पाठ फिरवून धुतलेलाच ब्रश पुन्हा धुवायला लागला. आईने मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, ''त्यांना ठावं हुतं?'' मी म्हटलं, हो. ''मग निळा?'' मी म्हटलं, ''लाल मला बघवत नव्हता. मी जेवत नव्हते. म्हणून त्यांनी दिला.'' तिने कार्ड मिटून मांडीवर ठेवलं. मला वाटलं रडेल, मारेल. ती म्हणाली, ''ते हुते तवा का न्हाई बोललीस गं? आता मी कुनाशी बोलू?'' मग खुर्चीचा हात धरून उठली, ट्रॅक्टरपाशी गेली, निळ्या बाजूवर तळवा ठेवला आणि पेंटरला म्हणाली, ''हाच द्या. खिडकीचा.'' आणि जावयांना म्हणाली, ''मला घरी न्या.''

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाक तिचा ती हट्टाने करते, ताट वाढते आणि म्हणते, ''जावईबापू, तिला सांगा, वाढलंय.'' मी दोन हातांवर बसलेली असते. मी म्हणते, ''आले गं आई.'' हे तुमच्याकडूनच शिकले. पण तुम्ही ते अठरा वर्षं कसं म्हटलंत, नाना? माझा दहाव्या दिवशीच घसा बसतोय.

पेंटर रोज त्या निळ्यामागे आहे. तसला रंग आता मिळत नाही, तो डब्यात दोन-तीन रंग मिसळून पत्र्याच्या तुकड्यावर पट्टे मारतो आणि मी रुमालातली खपली त्याच्याशेजारी धरते. अजून नेमका जुळलेला नाही. तो म्हणतो, ''बाई, गाडीला हा रंग टिकनार न्हाई. चार पावसाळ्यात उडंल.'' मी म्हटलं, उडाला तर पुन्हा देऊ.

हे पत्र मी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवणार होते, पण तो आधी पेंटर उघडेल. शेड कार्डाच्या घडीत घालून कपाटात टाकून देते. परवा तुमचे जावई म्हणाले, उशिरा का होईना, तू बापाचं नाव धुतलंस. मी गप्प बसले, सवयीप्रमाणे. तुम्हाला तरी खरं सांगते. तुमच्यासाठी मी तेव्हा तोंड उघडलं नाही आणि त्या गुरुवारीही तुमच्यासाठी उघडलं नव्हतं. पेंटरने पॉलिश पेपर त्या बाजूला लावला आणि आता सगळा ट्रॅक्टर लाल होणार हे दिसलं. लाल मला अजून बघवत नाही, नाना, तेवढ्यासाठी मी बोलले.