स्पिरिट लावू नये

प्रिय अश्वजित,

जय भीम. काल फोनवर तू एवढा ओरडलास की बाकड्यावर बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनीही माना वळवल्या. वॉर्डातला कीबोर्ड मी स्पिरिटनं पुसून बंद पाडला, आता कंपनीला काय तोंड दाखवू, म्हणालास. मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहिते आहे. राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगते.

लातूरहून येऊन तूच ते कॉम्प्युटरचं गाडं आमच्या वॉर्डात बसवलंस. पेशंटची सगळी माहिती त्यात, कागदांचा पसारा गेला, मलाही बरं वाटलं होतं. पण जाताना कीबोर्डखाली चिठ्ठी डकवलीस: पाणी, स्पिरिट लावू नये, बिघडल्यास भरपाई ड्युटीवरच्या सिस्टरकडून. मग कुणाची छाती आहे पुसायची? आम्ही हात धुवायचे, कीबोर्ड बडवायचा आणि त्याच हातांनी पेशंटचे टाके बघायचे. गाडं ढकलत पुढची खाट, पुन्हा तेच. मी तुला विचारलं होतं, पुसायचं कशानं? कोरड्या फडक्यानं, म्हणालास. अरे, दवाखाना आहे तो, तुझ्या कंपनीचं ऑफिस नाही!

एका ओळीतल्या तीन बायकांचे टाके पिकले. पू तपासायला गेला, वॉर्डातल्या वस्तूंवरून कापूस फिरवून तोही गेला. जो जंतू जखमांत, तोच तुझ्या कीबोर्डवर. रिपोर्ट वाचला, तुझी चिठ्ठी टराटरा फाडली आणि खसाखसा पुसून काढला. बंद पडला तर पडला. कापा माझा पगार.

त्या तिघींतली एक म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून गाडं दाखवायची. "माझ्या लेकानं बसवलंय हे, लई हुशार हाय," म्हणायची. कीबोर्डवरून मायेनं हात फिरवायची आणि तोच हात दुखऱ्या पोटावर ठेवायची. अश्वजित, आई गावी भोकरला नाही, इथे माझ्या वॉर्डात आहे. तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तुझ्या कामात खोळंबा नको म्हणून तुला कळवू नको अशी तिनंच मला शपथ घातली होती. ती आज मी मोडते आहे. उद्या जखम उघडून पुन्हा साफ करणार आहेत. तिच्या अंगात ताप आहे, तरी बंद पडलेल्या गाड्याकडे बघून म्हणते, "आता अश्वजित येईल नीट कराया." तर ये. रोज पुसता येईल असा कीबोर्ड घेऊन ये. आणि तिच्या जखमेला काय झालं, ते तिच्याजवळ बसून तूच सांग. माझ्या तोंडून ते निघत नाही.

तुझीच, रागावली तरी तुझीच,
प्रियदर्शनीताई