अडकतंय कुठे?

३ फेब्रुवारी, मंगळवार

बस्स! नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणजे घ्यायचा!

दादा व्हिडिओवर त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाची नक्कल करत होता — घड्याळ पाण्यात पाडून "आपोआप बंद पडलं" म्हणणाऱ्या बाईंची. ऐन रंगात आला आणि हात अडकले. इतरांचं बरं असतं, चित्र गोठलं तरी आवाज येतो. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याचं बोलणं म्हणजे हात. चित्र अडखळलं की अर्धं वाक्य गिळलं जातं. मी अंदाजानेच हसले.

पकडलंच त्याने. "काय कळलं, सांग?" मी नुसतीच मान डोलावली. मग म्हणाला, "तुझं डबडं बदल आता."

महिनाभर हेच चाललंय. तो दूर एकटा राहतो, गप्पा मारायला मीच काय ती. हल्ली भर दुपारीही मोकळा असतो, आणि माझं डबडं हे असं!

५ फेब्रुवारी

छापखान्यात पेंग्विनला विचारलं. हा आमचा कॉम्प्युटरवाला. हेल्मेटवरही लिनक्सचा पेंग्विन चिकटवलाय. माझ्या डबड्यात विंडोज काढून लिनक्स त्यानेच घातलं, आता निस्तरायचंही त्यानेच.

"मॅडम, रंग बघून घेऊ नका. आधी पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड कोणतं ते बघा."

कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो कंपनीने खुला केलेला नसेल तर दर अपडेटला रुसून बसतो म्हणे. आणि कार्ड अगदीच नवंकोरं असेल तर आपल्या लिनक्सला त्याची ओळखच नसते.

"मग?"

"मग कार्ड झोपा काढतं आणि प्रोसेसर एकटा चित्रं ओढत बसतो. व्हिडिओ अडखळणारच!"

म्हणजे आमचे साहेब आणि मी!

६ फेब्रुवारी

नेटवर वाचत बसले, भाजी करपली. एकजण लिहितो, "लिनक्सवर झकास चालतं." दुसरा लिहितो, "झाकण उघडलं की काळा पडदा." मॉडेल तेच! डोकं धरून बसले. पेंग्विनला फोन केला तर म्हणे, मॉडेलच्या नंबरातलं शेवटचं अक्षर बघा. खरंच की! नाव एक, शेवटचं अक्षर वेगळं, आणि आतलं कार्डच दुसरं. काय हा चावटपणा!

८ फेब्रुवारी, रविवार

दुकानात पर्समधून पेनड्राइव्ह काढला तशी दुकानदाराने मान वर केली. "ताई, काय घालताय त्यात?"

"लिनक्स. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघते, तुमचं काही पुसलं जाणार नाही. कपडे घालून बघतो ना, तसं."

"बघा. पण फाटले तर घ्यावे लागतील!"

सुरू तर झालं. रंगही छान. पण माहितीत ग्राफिक्सपुढे कार्डाचं नावच नाही, प्रोसेसरचं! कार्ड चक्क घोरत होतं. लॅपटॉप उलटा केला — शेवटचं अक्षर चुकीचं!

"एका अक्षराने काय होतंय, ताई?"

"तुमच्या पाटीवरचं एक काढू का?"

हसला बिचारा. दुसरा मागवतो म्हणाला.

१० फेब्रुवारी

दादाला सांगितलं. वाटलं उड्या मारेल. तर म्हणे, "घाई काय आहे? चालतंय की याच्यावर."

अरेच्चा! डबडं बदल म्हणून भुणभुण कोणी लावली होती? मी म्हटलं, आता माघार नाही. "हट्टी!" म्हणाला. तेवढं बरं नीट पोचलं!

११ फेब्रुवारी

दुकानदाराचा फोन नाही. चिडचिड.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं! जमलं! जमलं!

अक्षर बरोबर. कार्ड जागं. पण मी कसली ऐकतेय — दुकानदाराला म्हटलं, कॅमेऱ्यासमोर जोरजोरात हात हलवा. त्याने घासाघीस करणारं गिऱ्हाईक करून दाखवलं, मीच असणार! बोट न् बोट स्पष्ट. झाकण मिटलं, उघडलं — काळा पडदा नाही! मी तिथेच टाळ्या पिटल्या. "एवढी तपासणी कोणी करत नाही हो," म्हणाला. मी म्हटलं, माझा भाऊ यातून बोलणार आहे.

उद्या सुट्टी. दादाला अख्खी नक्कल पहिल्यापासून करायला लावणार!

१४ फेब्रुवारी

सगळं सुरळीत. दादाच्या मागचा पंखा सरसर फिरत होता. पडदा हलत होता. मांजराने खिडकीतून उडी मारली, ती शेपटीसकट नीट दिसली.

फक्त दादाचे हात अडखळत होते. थरथरायचे, मधेच थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे.

मी विचारलं, "कधीपासून?"

त्याने दोन्ही हात मांडीखाली दडवले. मग एक बाहेर काढला.

"तुझं डबडंच बरं होतं."