नागिसासान आले की आल्या?

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा तेच नाव. नागिसा! जेवताना ह्याचा फोन उजळला आणि ह्याने तो चटकन पालथा घातला. पण मी वाचायचं ते वाचलंच — 'थँक यू. नागिसा.'

"कोण रे ही बाई?" मी मुद्दाम हसत विचारलं.

"प्रेसमध्ये नवं मशीन बसतंय ना. जपानी कंपनीचं माणूस आहे."

माणूस! ना बाई, ना बुवा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नणंदेला फोनवर सांगितलं. "नागिसा? नागिणीची मावसबहीण का गं, वहिनी?" खो खो हसली. मला नाही हसू आलं. स्वतःच्या भावाबद्दल कुणी इतकं निर्धास्त असतं?

दातांच्या लॅबमध्ये कामात लक्ष नव्हतं. कुणाच्या तरी कवळीत मेणावर सुळा उलट्या बाजूला बसवला, सगळं पुन्हा करावं लागलं. दुपारी कॉम्प्युटर मोकळा दिसला, तेव्हा शोधलं. नागिसा म्हणजे किनारा — लाट येऊन वाळूला टेकते ती कड. किती सुंदर! म्हणजे जास्तच संशयास्पद. नाव बाईचंही असतं, पुरुषाचंही. जपानीत वेगवेगळी अक्षरं वापरून लिहितात, त्यावरून कधी अंदाज येतो म्हणे. इंग्रजीत मात्र सगळ्यांचं स्पेलिंग एकच. पुढे 'सान' लावलं की मिस्टर नको, मिस नको. छान सोय!

पण हा घरात मराठी बोलतो. मराठीत किती दिवस निभावेल? आले की आल्या, क्रियापद चुगली करणारच.

९ फेब्रुवारी, सोमवार

सापळा लावला.

"नागिसासाननी आज जेवायला काय खाल्लं?"

"नूडल्स."

चूक माझीच, प्रश्नच असा विचारला की त्यात सुटका आहे.

"मुक्काम कुठे?"

"हॉटेलात."

"एकटे की एकट्या?"

"काय चौकशी लावलीयस!" म्हणाला आणि बाथरूममध्ये गेला. नळ सोडून बसला.

हल्ली दाढी करताना आरशापुढे काहीतरी पुटपुटतो. मी गेले की गप्प. नवे दोन शर्ट आणलेत. माझ्याशिवाय!

११ फेब्रुवारी, बुधवार

आज परत उशिरा आला. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना उठवायला दोघं लागतात. मी एकटीने उठवलं. पाठ गेली. सासूबाईच म्हणाल्या, "राहू दे गं, पोरी." त्यांचा राग येत नाही, हीच पंचाईत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

म्हटलं, रविवारी नागिसासानना घरी जेवायला बोलव. ह्याचा चेहरा खर्रकन उतरला! "त्यांना वेळ नसतो गं." मी ह्याच्याच फोनवरून निरोप धाडला. दोन मिनिटांत उत्तर — आनंदाने येतो म्हणून. की येते म्हणून. इंग्रजी!

१५ फेब्रुवारी, रविवार

आले. आले! पुरुष! साठीचे, टक्कल पडलेले, दारात वाकून वाकून नमस्कार करणारे. मला इतका आनंद झाला की नको नको म्हणत असताना तीनदा वाढलं.

नावाचा विषय मीच काढला. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, सावकाश. म्हणाले, "बाहेरच्या कंपन्यांची पत्रं येतात ती 'डिअर मिस नागिसा'. आधी दुरुस्त करायचो. आता नाही करत." मी पोट धरून हसले. हा हसला नाही.

मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि मला म्हणाले, "तुमचे आभार मानायचे होते. नवऱ्याला दोन वर्षं आमच्याकडे शिकायला पाठवायचं, तेही सासूबाई अंथरुणावर असताना. तुम्ही लगेच हो म्हणालात, असं ह्यांनी सांगितलं."

मी ह्याच्याकडे पाहिलं. हा ताटात बघत होता.

"यू आर वेलकम," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

१६ फेब्रुवारी, सोमवार

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणून माझ्या वतीनं तूच हो म्हणालास?"

"अगं, तिथं मशीन जोडायला शिकवतात. इतकी वर्षं नुसती बटणं दाबतोय मी. आत काय चालतं ते एकदा तरी कळू दे!"

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खरं असावं.

"आणि आई?"

"तू आहेस ना!"

तू आहेस ना. त्यापेक्षा दुसरी बाई असती तर निदान भांडता आलं असतं.

"ताईंना माहीत होतं?" हा उठून आईचं पांघरूण सारखं करायला गेला. म्हणजे होतं! नागिणीची मावसबहीण म्हणे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लॅबमध्ये नागिसासानचा फोन — मला! "त्या दिवशी तुमचा चेहरा पाहिला. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुमच्या नवऱ्याचं नाव मी अजून पुढे पाठवलेलं नाही. तसं मी त्यांनाही सांगितलंय. आता तुम्ही स्वतः हो म्हणालात, तरच पाठवीन."

घरी आले तर ह्याने चहा करून ठेवलेला. समोर बसला. लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

मला विचारलं, की माझ्या होकाराला?