करार अडलाय बाबांपाशी

प्रिय बाबा,

ब्रसेल्समध्ये मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. तुमचा गुडघा कसा आहे? आई त्याबद्दल काहीच लिहीत नाही.

"युरोपवाले आपली राज्यघटना गिळणार," म्हणत तुम्ही रागाने फोन ठेवलात, म्हणून हे सांगते. काल युरोपीय संघाच्या आमच्या ऑफिसात जर्मन साहेबीणबाईंनी विचारलं, "सत्तावीस देशांचा नवा करार अडलाय कुठे?"

"आमच्या बाबांपाशी," मी म्हटलं. "करारासाठी आयर्लंडची घटना बदलावी लागते, आणि ती बदलायची तर त्यांना विचारावं लागतं."

"मंत्री आहेत का ते?"

"छे हो, गाई पाळतात."

बाई हसल्या नाहीत. "मग थांबू," म्हणाल्या.

घटनाबदलाच्या मतदानाला मी घरी येतेय. तुम्ही खुशाल 'नाही' म्हणा, मी 'हो' म्हणेन. शाळेपर्यंत मात्र तुमच्याच गाडीतून जाऊ.

तुमचीच हट्टी,
ब्रोना