गावाकडची बाई

विष्णुपुरी, नांदेड
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

तुळजाअक्कास,

गंगासागरचा सलाम. आमच्या चर्चमध्ये सलाम लिहितात, तुमच्यात नमस्कार. दोन्ही घे. मी बरी आहे, गुडघे सोडले तर. तुझं बीपी, भावजींचा खोकला, दिपालीची बारावी, सगळं ठीक असेल असं धरून चालते.

महिना झाला, तू फोन उचलत न्हाईस. म्हणून हे पत्र. तुला वाचता येत न्हाई, तुझी नातच वाचणार. दिपाली, बाई, तुला आधीच सांगते. जसं लिहिलंय तसं वाच. आजीला वाईट वाटंल म्हणून मधलं गाळू नको. अक्षराला हसू नको, तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे.

बातमी अशी की माझ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रती संपत आल्या. दुसऱ्यांदा छापायचं म्हणून राहिलेत. मी सात वह्या लिहिल्या होत्या, आमच्या मंडळातल्या शिल्पानं त्या कम्प्युटरवर उतरवल्या. आता लोक मला लेखिका म्हणतात. मला अजून ‘क्ष’ काढताना थांबावं लागतं.

दुसरी बातमी. येत्या रविवारी लातूरला बायांचा मेळावा आहे. तीनशेच्या वर येतील. नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांतल्या महिला मंडळांचं काम माझ्याकडं द्यायचं ठरलंय. आमचे पास्टर मल्लेश म्हणाले, “अम्मा, आधी तुम्ही साक्ष द्या, मग आम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू.” साक्ष म्हणजे काय ते तुला सांगते. उभं राहून सगळ्यांना सांगायचं, मी आधी कशी होते, कुठं पडले होते आणि देवानं कसं उचललं. आमच्यात ती रीतच आहे. माझी साक्ष ऐकायला लोक भोकरहून येतात.

गेल्या महिन्यात पुस्तकाच्या प्रकाशनाच्या दिवशी तू आलीस. मी बोलावलं नव्हतं तरी आलीस. गर्दी लई होती, हार, फोटोवाले. मला तू नीट दिसली न्हाईस. चष्म्याचा नंबर वाढलाय.

हे खोटं आहे. कागद फाडून दुसरा घेणार होते, पण राहू दे. एवढं तरी तुला कळू दे की मी अजून कशी आहे.

तू दिसली होतीस. दाराजवळच्या खुर्चीवर बसली होतीस, हिरवं लुगडं, मांडीवर फडक्याची गाठ. माझ्या हातात माईक होता आणि एक्केचाळिसावं पान उघडलेलं होतं. मी तुझ्याकडं बघितलं. तू हसलीस. धाकटी बहीण स्टेजवर उभी आहे म्हणून हसलीस. मला पान उलटता आलं असतं. मी वाचलं.

“सख्खी बहीण उमरीला होती. तिनं निरोप धाडला, मेलीस तरी तोंड दाखवू नको. चाळीस दिवस मी तापात एकटी पडून होते. पाणी द्यायला कुणी नव्हतं. मग मी रांगत प्रार्थनेच्या घरी गेले.”

बाया रडल्या. मी वर बघितलं न्हाई.

चहाच्या वेळी तू पुढं आलीस. एका बाईनं विचारलं, “अम्मा, ह्या कोण?” आणि मी म्हणाले, “ह्या आमच्या गावाकडच्या बाई.”

अक्का, तू डोक्यावरचा पदर नीट केलास आणि तिला म्हणालीस, “हाव माय, गावाकडचीच हाय मी. धपाटे द्यायला आले व्हते.” गाठ माझ्या हातात दिलीस. “येते बाई,” म्हणालीस.

जन्मभर मला गंगे म्हणत आलीस. बाई कधी म्हणाली न्हाईस.

तू तिथं भांडली असतीस, माझ्या झिंज्या धरल्या असत्यास, तर मला बरं झालं असतं. तू माझं खोटं सांभाळून घेतलंस.

आता दिपालीला कळावं म्हणून खरं लिहिते. तिला तू सांगितलं नसशील.

माझं आठ महिन्यांचं लेकरू गेलं. नवरा मला सोडून गेला. मी प्रार्थनेला जायला लागले म्हणून शेषेरावदादानं माहेरचं दार लावलं. एवढं पुस्तकात आहे आणि एवढं खरं आहे. मी इथं पत्र्याच्या खोलीत तापानं पडले, तेव्हा तू रोज सकाळच्या गाडीनं उमरीहून यायचीस. घरी सांगायचीस, दातांचा दवाखाना चालू आहे. चाळीस दिवस कुणाचे दात दुखतात? भावजींना कळत होतं, ते गप्प राहिले. फडक्यात भाकरी असायची, गाडग्यात वरण. तू मला आंघोळ घालायचीस. माझ्या केसात उवा झाल्या होत्या, त्या उन्हात बसून काढायचीस आणि शिव्या द्यायचीस. “मेले, तुझ्या देवाला सांग की उवा काढायला. मीच का?”

मी रांगत न्हाई गेले. मी म्हणाले, अक्का, तिथं गेलं की मला बरं वाटतं. तू म्हणालीस, “मंग चल की.” मला काखेत धरून नेलंस. सारी प्रार्थना होईस्तोवर बाहेर पायरीवर बसलीस, कपाळावर कुंकू, हातात माझ्या चपला. ज्या दारानं मी प्रभूकडं गेले, तिथवर मला तू नेलंस. आणि तेवढंच पुस्तकात न्हाई.

कसं झालं विचारशील. एकदम न्हाई झालं. पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा तुझं नाव घेतलं होतं, उवांचंसुद्धा सांगितलं. लोक हसले, ऐकलं, बस. माझ्यानंतर एक बाई उठली, तिला सगळ्यांनी टाकलं होतं. तिच्या साक्षीला सारं प्रार्थनेचं घर रडलं. पुढच्या वेळी मी तुझं नाव घेतलं न्हाई. नुसतं घेतलं न्हाई. दोन बाया रडल्या. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले, बहीणसुद्धा आली न्हाई. वर्षभरानं तो निरोप तोंडातून आला, मेलीस तरी तोंड दाखवू नको. कुठून आला देव जाणे. लोक असे रडले की पास्टरला गाणं थांबवावं लागलं. अंधार जेवढा काळा सांगावा तेवढा उजेड मोठा दिसतो, हे मला कुणी शिकवलं न्हाई, माझं मीच शिकले. तुला काळी केली.

शिल्पानं वही उतरवताना विचारलं होतं, “मावशी, बहिणीचं हे खरंच असं झालं?” मी खेकसले तिच्यावर. “तू होतीस का तिथं?”

धपाटे मी खाल्ले न्हाईत. तिथंच वाटून टाकले. बाया म्हणाल्या, कुणी केलेत, लई खुसखुशीत आहेत.

रविवारी काय करीन ठाऊक न्हाई. खरं बोलले तर पुस्तक गेलं, मंडळ गेलं, अठरा वर्षं ज्यांना खोटं बोलू नका म्हणून दरडावलं त्यांच्यापुढं माझं तोंड गेलं. इथंच थांबते.

गंगासागर


लातूर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

अक्का,

मंगळवारचं पत्र टाकलं नव्हतं. पर्समध्ये घेऊन लातूरला आले. दोन्ही एकदमच पाठवते. हे चर्चच्या ओट्यावर बसून लिहिते, मंडप सोडून राहिलेत.

मी सांगितलं.

नीट सांगता आलं न्हाई. सवयीनं तीच जुनी साक्ष सुरू झाली, लेकरू, नवरा, दादाचं दार. ‘सख्खी बहीण उमरीला होती’ इथवर आले आणि समोरच्या बायांनी पदर डोळ्याकडं नेले. अजून मी काही बोललेसुद्धा नव्हते. त्यांना पुस्तक पाठ आहे. ते पदर बघून मला माझीच किळस आली. म्हणाले, थांबा, रडू नका. ती रोज येत होती. तिनं माझ्या उवा काढल्या. तिनं मला काखेत धरून इथवर आणलं. पुस्तकात मी खोटं लिहिलंय.

कुणी हाल्लेलुया म्हणालं न्हाई.

मग मागून एकीनं विचारलं, “मंग बाकीचं तरी खरं हाय का, अम्मा?” बरोबर विचारलं. मी म्हणाले, हाय, पण तुम्ही का विश्वास ठेवावा ते मला सांगता येत न्हाई. चार-पाच जणी उठून गेल्या. त्यातली एक भोकरची, तिला मीच प्रार्थनेला आणली होती. जाताना माझ्याकडं बघितलं न्हाई.

पास्टर मल्लेशनी बाजूला नेलं. “अम्मा, हे आधी मला सांगायचं होतं. तीनशे माणसांसमोर?” मी म्हणाले, खोटं तीनशेसमोर बोलले, खरं कोपऱ्यात बोलू का? ते रागावले न्हाईत, थकल्यासारखे दिसले. हात ठेवायची प्रार्थना झाली न्हाई. काम कुणाकडं द्यायचं ते पुढं ठरवतील. माझ्याकडं द्यावं असं मलाही वाटत न्हाई.

शिल्पा बिचारी रडून राहिली होती. म्हणाली, “मावशी, दुसऱ्या छपाईत एक ओळ घालू, दुरुस्ती म्हणून.” मी म्हणाले, एका ओळीत कसं बसंल? चाळीस दिवस आहेत. ते पान नव्यानं लिहीन, मगच छापायचं. न्हाई जमलं तर छापायचंच न्हाई.

हे सगळं सांगून मला जरा हलकं वाटायला लागलं होतं, खरं सांगते. वाटलं, केलं बाई एवढं. तेवढ्यात उदगीरकडची गौरम्मा काठी टेकत आली. सत्तरी उलटलेली, दात न्हाईत, मराठी अर्धी कानडी. मला वाटलं, आशीर्वाद देते. ती म्हणाली, “तुझी अक्का आता कुठं हाय?”

म्हणाले, उमरीला.

“तिला सांगितलंस?”

मी पर्समधलं पत्र दाखवलं.

“आम्हाला तोंडानं सांगितलंस आणि तिला कागदावर?” आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं तू उवा काढताना बघायचीस.

तीनशे बायांपुढं मला एवढी लाज वाटली न्हाई.

म्हणून आता एवढंच. तुझं फडकं मी धुऊन, घडी घालून ठेवलंय. जुन्या लुगड्याचं आहे, तेव्हाही असंच असायचं. आपल्यात भरून आलेलं फडकं रिकामं परत करत न्हाईत. त्यात काय बांधावं ते मला सुचत न्हाई. धपाटे मला तुझ्यासारखे येत न्हाईत. तरी करून आणते, कसले होतील तसले.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. तोवर पत्र पोचलं तर पोचलं, न्हाई तर तोंडानं सांगीन. जोत्यावर उभी राहीन, आत ये म्हणाल्याशिवाय येणार न्हाई. घरातल्या कुणी, न्हाई तर शेजारणीनं विचारलं, तुळजाबाई, ही कोण आलीया, तर तुझ्या मनात येईल ते सांग. तू जे सांगशील, त्याला मी हाव म्हणीन.

बहीण म्हणून सही करायला हात धजत न्हाई.

तुझ्या गावाकडची एक बाई,
गंगासागर